आमच्या गल्लीची उंची

साताऱ्याचे लोक आम्हाला सांगलीकडचे समजतात आणि सांगलीचे लोक साताऱ्याकडचे, त्यामुळे आमच्या गावाचं नाव सांगितलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. गावाला नगरपालिका आहे आणि तिच्या बांधकाम विभागात मी कनिष्ठ अभियंता आहे. लोणंदकडे काही वर्षं काढल्यावर माझी बदली माझ्याच गावात झाली, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता आपल्या गल्लीचं कल्याण हाय." मला खरं तर तेव्हाच घाम फुटायला हवा होता. मी पेढे वाटले.

आमच्याकडे रस्ता होत नाही, चढतो. दर चार-पाच वर्षांनी निधी येतो, जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो, त्याच्यावर उभं राहून फोटो निघतात. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा असतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं आणि अंदाजपत्रकातही कधीमधी लिहिलेलं असतं. पण खरवडलेला माल ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकला की दाखवायला काही उरत नाही. उंच झालेला रस्ता सगळ्यांना दिसतो, आहे तिथेच राहिलेला रस्ता कुणाला दिसत नाही. भूमिपूजनाला कुदळ मारतात ती एकदाच, फोटोपुरती. त्यानंतर गल्लीत कुणी कुदळ लावत नाही, सगळं वरून ओततात.

लोकही आता यात तयार झालेत. रस्ता चढला की जो तो आपला ओटा फोडून वर घेतो, दारापुढे सिमेंटचा उतार करतो आणि मोटारसायकल दोनदा चढवून-उतरवून बघतो. ज्याला परवडतं तो घरातली फरशीच भरून घेतो. अण्णांनी दोनदा भरून घेतली. त्यामुळे आमच्या पुढच्या खोलीत पंखा पाहुण्यांच्या डोक्याशी आला. एका लग्नाळू मुलाकडची मंडळी मला बघायला आली होती, तेव्हा त्यातले उंच मामा उभे राहायला गेले आणि थोडक्यात वाचले. ते स्थळ पुढे गेलं नाही. अण्णांनी पंखा काढून भिंतीवर बसवला आणि विषय संपवला.

अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंचीबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. "वरची पोझिशन ज्याच्याकडं, त्यो निवांत," हे ते रस्त्याबद्दल बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, समोर शत्रू आहे. शत्रू म्हणजे मागची गल्ली. मागच्या गल्लीचा रस्ता वीतभर वर गेला की तिचं पाणी आमच्याकडे येतं. मग अण्णांच्या नेतृत्वाखाली आमचं शिष्टमंडळ नगरपालिकेत जातं आणि आमची गल्ली दीड वीत वर जाते. मग मागच्या गल्लीचं शिष्टमंडळ निघतं. दोन्ही गल्ल्यांत सोयरिकी आहेत, गणपती एक आहे, उरुसाची कंदुरी सगळे मिळून जेवतात. पण पाणी दुसऱ्याच्या गल्लीत गेलं पाहिजे याबाबत मात्र कुणाची तडजोड नाही.

या सगळ्या चढाओढीत एक घर जिथल्या तिथे राहिलं. गल्लीच्या खालच्या टोकाला, कोपऱ्यावर, पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. डबे, नरसाळी, बादल्यांची बुडं, आणि हंगामात तासगावकडच्या बेदाणेवाल्यांसाठी चाळण्या. मी शाळेत असताना त्यांच्या दारात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मी नोकरीला लागले तेव्हा दार आणि रस्ता एका पातळीत आले होते. बदली होऊन परत आले तर दोन पायऱ्या उतरून जावं लागत होतं. चाचांना फरशी भरून घेणं शक्य नव्हतं. कौलं पुढे आधीच इतकी खाली होती की जमीन वर घेतली असती तर रांगत आत जावं लागलं असतं.

चाचा आणि अण्णा एका वर्गातले. एक सैन्यात गेला, एक बापाच्या हातोडीला बसला, पण अण्णा सुट्टीवर आले की आधी चाचांच्या दुकानात, मग घरी, अशी रीत होती. आई त्यावरून शेवटपर्यंत बोलायची. निवृत्तीनंतर तर अण्णांची बैठकच तिथे. चाचा ठोकत असतात, अण्णा बोलत असतात, दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही आणि म्हणूनच त्यांचं कधी भांडण झालेलं नाही.

चाचींचे गुडघे गेले होते. त्यांना दोन पायऱ्या चढून रस्त्यावर यायचं तर चाचा वर उभे राहून दोन्ही हात ओढायचे आणि खालून कुणीतरी आधार द्यायचं. त्यामुळे त्या फारशा येतच नसत. दारात पाट टाकून बसत आणि समोरून जाणाऱ्यांच्या चपला बघत. "मला आता माणसं पायावरनं वळखू येत्यात," त्या मला हसून म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या बुटाला नाल हाय, त्यो लांबनंच कळतोय." मीही हसले.

एकदा दुकानात चाळणी दुरुस्तीला घेऊन गेले तेव्हा चाचांनी हातोडी खाली ठेवली. ते हातोडी खाली ठेवतात म्हणजे काहीतरी गंभीर असतं. म्हणाले, "बाई, तू त्या खात्यात हायस म्हणून बोलतो. अजून एक थर पडला तर आमी जाणार बघ. पोरगा कुपवाडला कारखान्यात हाय, त्याच्या दोन खोल्या तळमजल्याला हायत्या. हिला रोज वर कोण काढणार? मला आता जोर न्हाई. पर तिथं माझी चाळणी कोण घेणार?"

मी म्हणाले, "चाचा, यावेळी रस्ता खाली घेऊ. मी आहे ना." इतक्या सहजपणे मी आजवर कुणाला काही कबूल केलेलं नाही.

आणि योगायोग असा की तेव्हाच निधी आला. आमच्याकडे रस्त्याचा निधी, गटाराचा निधी आणि पाण्याच्या पाइपलाइनचा निधी एका वर्षी कधीच येत नाहीत. आधी रस्ता होतो, मग तो फोडून पाइप घालतात, मग तो बुजवून गटार काढतात आणि गटाराचा मुरूम रस्त्यावर पसरतात. यावेळी पहिल्यांदाच रस्ता, गटार, पाइप आणि ओढ्याकाठची पायवाट, सगळं एकाच मंजुरीत आलं होतं. अट एवढीच की मार्चअखेर काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर निधी परत. आमच्या कार्यालयात देव पावला असं वातावरण होतं. मुख्याधिकारी मला म्हणाले, "मॅडम, तुमचीच गल्ली आहे, तुम्हीच करा."

मी गल्लीच्या लेव्हल घ्यायला उभी राहिले. या कामात एक जागा पक्की धरायची असते, जी वर्षानुवर्षं हललेली नाही, आणि बाकी सगळी उंची तिथून मोजायची. पूर्ण गल्लीत अशी जागा एकच निघाली, चाचांचा उंबरा. बाकी सगळं गाव वर गेलेलं. आकडे मारलेली लांब पट्टी धरायला आमचा माणूस आला नाही, म्हणून अण्णा उभे राहिले. परेडला असावेत तसे, छाती पुढे काढून. लोक बघायला जमले. प्रत्येकाच्या दारात पट्टी ठेवली की घरमालक विचारायचा, "आमची किती?" आकडा शेजाऱ्यापेक्षा जास्त निघाला की खूश होऊन आत चहा टाकायला सांगायचा. त्या दिवशी मी अकरा कप चहा प्यायले. कुणी चाचांची किती असं विचारलं नाही, कारण त्यांचा आकडा सगळ्यांच्या खाली होता हे उघडच होतं.

मी अंदाजपत्रक केलं. जुने सगळे थर काढायचे, दीड फूट खाली जायचं, पाइप आणि गटार आधी घालायचं, ओढ्याकडे उतार द्यायचा आणि वर रस्ता. चाचांच्या दारासमोर एकच पायरी उरणार होती, तीही लहान. हातानं रंगवलेला नकाशा मी घरी आणला आणि अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "आपला ओटा रस्त्यापासनं किती वर राहील?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "साडेतीन फूट." साडेतीन फुटावरून मोटारसायकल कशी उतरवायची, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. मी तो पाहिला नाही असं दाखवलं.

बैठक मारुतीच्या देवळासमोर झाली. आमच्या गल्लीच्या बैठकीची एक रीत आहे: स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही. ते वाईट दिसतं. जे मागायचं ते गल्लीसाठी. त्यामुळे प्रत्येक जण गल्लीच्या हिताचं बोलतो आणि त्यात आपलं घर व्यवस्थित बसवतो. कुणाच्या दारासमोरचा खांब हलवायचा असला तर तो म्हातारीकोतारी अडखळून पडतात म्हणून हलवायचा असतो, मग भले त्याची नवी गाडी त्या खांबाला घासत का असेना. यात आम्ही सगळे इतके मुरलेले आहोत की कोण कशासाठी बोलतोय ते पहिल्या वाक्याला कळतं आणि कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही.

मी उभी राहून दीड फूट खाली म्हटलं आणि गोंधळ झाला.

"म्हंजे आमी खड्ड्यात जायचं व्हय?"

"मागची गल्ली वर आनि आमी खाली? आवं सुबेदार, ऐकताय का?"

"आत्ताच ग्रॅनाइट बसवलाय म्हणून न्हाई बोलत मी, पर गल्लीची शोभा जाईल."

मी समजावून सांगितलं की उतार ओढ्याकडे असेल, गटार खोल असेल, पाणी थांबणार नाही. ते कुणाला पटलं नाही असं नाही. पण तळाशी राहून कोरडं राहता येतं, यावर आमच्या भागात कुणाचा विश्वास नाही. त्यांनी तसं कधी पाहिलेलंच नाही, आणि ते न दिसण्याला मी ज्या कार्यालयात नोकरी करते ते कार्यालय जबाबदार आहे.

मग नगरसेवक उठले. अत्यंत गोड माणूस. ते म्हणाले की मॅडमचा प्लॅन एक नंबर आहे, फक्त खोदाईत निधीचा मोठा वाटा जातोय. खोदाई वगळली तर उरलेल्यात ओढ्याकाठच्या पायवाटेला फरशी, बाकडी आणि दिवे होतील. गल्लीतल्या ज्येष्ठांना फिरायला जागा नाही, हायवेवर जीव मुठीत धरून फिरतात. आणि गल्लीची लेखी हरकत असेल तर त्यांचा नाइलाज आहे, निधी मागच्या गल्लीला वळवावा लागेल.

मागच्या गल्लीचं नाव निघालं आणि बैठक तिथेच संपली. उरलेला अर्धा तास आम्ही बाकड्यांचा रंग ठरवला.

शेवटी अण्णांना आठवलं. त्यांनी मागे बसलेल्या चाचांकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय रं?"

चाचा उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. दुकानात मला जे बोलले तेवढं चार माणसांत बोलले तर कुणी तोंड वर करून नाही म्हणणार नाही. मी डोळ्यांनी त्यांना सांगतही होते. चाचांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "माझं काय म्हणणं? गल्लीचं हुईल ते आपलं हुईल."

एवढ्या माणसांत ती रीत खरोखर पाळणारा एकच निघाला. मला त्या क्षणी अण्णांपेक्षा, नगरसेवकांपेक्षा चाचांचा राग आला. आजही येतो. मी स्वतः उठून त्यांच्या वतीनं बोलायला हवं होतं, पण अभियंत्यानं एका घराची बाजू घेतली असं दिसलं असतं, तेही माझ्या बापाच्या दोस्ताच्या घराची. म्हणजे रीत मलाही सुटली नव्हती. मी फाइल मिटली.

दोन दिवसांनी मी सुधारित अंदाजपत्रक केलं. खोदाईची ओळ काढली, गटार उथळ ठेवलं आणि पायवाटेच्या फरशी-बाकड्यांची ओळ घातली. खाली सही माझी. त्या कागदात काहीही बेकायदेशीर नव्हतं.

घरी अण्णा मला समजावू लागले. "अगं, त्याच्या दाराला आपण झकास पायऱ्या करून देऊ. स्टीलचं रेलिंग लावू. सगळी गल्ली वर्गणी काढतीय." ते मनापासून बोलत होते. मी म्हणाले, "अण्णा, चाची रेलिंगला धरून चढणार कशा? गुडघे कुठायत?" ते म्हणाले, "धरायला हुईल की काहीतरी," आणि बातम्या लावल्या.

रस्ता झाला. खरंच चांगला झाला, काँक्रीटचा, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पट्टे. चाचांच्या दाराशी तीन पायऱ्या आणि चकचकीत रेलिंग. त्या रेलिंगलासुद्धा नारळ फोडला. वळवाची पहिली सर आली तेव्हा रस्त्याचं पाणी त्या तीन पायऱ्यांवरून शिस्तीत एकेक पायरी उतरून आत गेलं. बेदाण्याच्या चाळण्यांचा पत्रा भिजला. गल्लीतली पोरं, बाया, अण्णा, सगळे बादल्या घेऊन धावले. पाणी उपसायला आमच्या गल्लीसारखी माणसं तुम्हाला शोधून सापडणार नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवसांत कुपवाडहून मुलगा टेम्पो घेऊन आला.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी ऑफिसला निघाले होते, तशीच थांबले. गल्ली जमा झाली होती. कुणाला बोलवावं लागलं नाही. लोखंडी कपाट पायऱ्यांवरून वर काढायचं तर सहा माणसं लागली आणि सहा आली. ग्रॅनाइटवाले सर्वांत पुढे होते, त्यांच्या नव्या शर्टला गंज लागला तरी त्यांनी हात सोडला नाही. पत्रा ठोकायची ऐरण दोरखंड लावून ओढली. प्रत्येक वस्तू आधी अडीच-तीन फूट वर यायची आणि मग टेम्पोत चढायची. घामानं निथळत सगळे म्हणत होते, "लय खोल हाय राव घर." अण्णा वर उभे राहून हुकूम देत होते, आणि त्यांचा आवाज चिरका होत चालला होता हे माझ्याशिवाय चाचांनाच कळलं असावं. चाचा मात्र कपाटाच्या चाव्या शोधत राहिले, ज्या त्यांच्याच खिशात होत्या.

शेवटी चाची. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चार जणांनी खुर्ची उचलली. पुढचा उजवा पाय अण्णांनी धरला, त्या वयात, कुणाचं न ऐकता. "सांभाळून," ते म्हणत होते, "सांभाळून रं." मी बाजूनं चालत होते. मला रडू येत होतं आणि ते मी दाबत होते, कारण मी रडले असते तर लोकांनी मला पाणी दिलं असतं आणि मॅडमचं किती प्रेम आहे म्हणून सांगितलं असतं.

खुर्ची वर आली. रस्त्यावर टेकली. काम सुरू झाल्यापासून चाची बाहेर आल्याच नव्हत्या, त्यांनी रस्ता पाहिला तो त्या सकाळी पहिल्यांदा. त्यांनी पदर सारखा केला आणि मान वळवून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. ओटे पाहिले, पट्टे पाहिले. मग माझा हात धरून, अगदी खरं कौतुक करत म्हणाल्या, "लय भारी झालाय की गं रस्ता. तूच केलास न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."